काचेतली खोट

उदगीरचे शिवमूर्ती ऐन विशीत बंगळूरला गेले, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच काच घासत राहिले. मोठ्या दुर्बिणींचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात शेवटचा हात त्यांचा असे. केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटासुद्धा तिथं चालत नसे.

निवृत्तीनंतर ते बायकोसोबत, कमलम्मांसोबत, लातूरला राहायला आले आणि वर्षभरात कंटाळले. तेवढ्यात एका कॉलेजातल्या प्राध्यापक मृण्मयी घरी आल्या. कॉलेजच्या दुर्बिणीसाठी दोन फुटी आरसा घडवून द्याल का, म्हणाल्या. शिवमूर्तींनी चहा संपायच्या आत होकार दिला.

प्रयोगशाळेमागच्या खोलीत लोखंडी टेबलावर काच पक्की बसवली. तिच्यावर राळेचा थर दिलेली जड तबकडी, मधे ओली भुकटी. तबकडी ढकलायची, ओढायची आणि एकेक पाऊल सरकत टेबलाभोवती हिंडायचं. माणूस एकाच जागी उभा राहिला, तर काच सगळीकडून सारखी झिजत नाही.

काम झाल्यासारखं वाटलं, तेव्हा मृण्मयींनी आरसा स्टँडवर उभा करून लेसरनं तपासला. पडद्यावर गोल वलयं यायला हवी होती. आली ती अंड्यासारखी, उभी लांबट.

"तुमचं स्टँड काचेला दाबायलंय," शिवमूर्ती म्हणाले. "माझ्या हाताखालून असली काच कधी गेली न्हाई."

"असेल काका. काच पाव फेरा फिरवून बघू. खोट स्टँडची असेल तर वलयं अशीच उभी राहतील."

दोघांनी मिळून काच फिरवली. वलयं आडवी झाली.

शिवमूर्ती पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गुडघा लई दुखायलाय, मॅडम. दोन पावलं सरकायचो आन् परत तिथंच उभा राहायचो."

घरी कमलम्मा चिडल्या. "आधी सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते रिंगरोडच्या गॅरेजात गेले. ट्रकच्या चाकाचा जुना हब बेअरिंगसकट आणला आणि वेल्डरकडून टेबलाखाली बसवून घेतला. आता टेबल फिरू लागलं. शिवमूर्ती स्टुलावर बसून घासू लागले. आडवं पडून भाकरी थापल्यासारखं वाटतंय, असं ते सुरुवातीला कुरकुरत. पण बारीक घासण्यापासून सगळं त्यांनी नव्यानं केलं.

पुढच्या तपासणीत वलयं गोल आली. शिवमूर्तींनी स्वतःच काच फिरवायला लावली. तरी गोलच. तेव्हा कुठं त्यांनी हात धुतले.

मुलामा चढवून आणलेला आरसा रेणापूरजवळच्या माळावर दुर्बिणीत बसला. उद्घाटन सकाळी होतं. निळ्या आभाळात फिकट चंद्र होता, तोच पाहुण्यांना दाखवला. कमलम्मांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं.

"खड्डे लई हायेत," त्या म्हणाल्या आणि मागच्या बाईला जागा करून दिली.