दसऱ्याला येणारी गाडी

वेळेवर धावणाऱ्या गाडीचा कधी किस्सा होत नाही. न आलेल्या गाडीचे मात्र इतके होतात, की बेंगळूरच्या आमच्या टिफिन रूममध्ये, म्हणजे इडली-कॉफीच्या हॉटेलात, कित्येक वर्षं दुसरा विषयच निघाला नाही! एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. कारखाना सुटला, की मी, माणोजीराव आणि भीमराव कोपऱ्यातलं टेबल अडवायचो. तिघंही इथले जुने मराठी; घरात मराठी, बाजारात कन्नड आणि साहेबापुढे इंग्लिश. होसूरकडे जाणारी नवी रेल्वे लाइन आमच्या लेआउटमागून, म्हणजे वसाहतीमागून नेणार, स्टेशनही तिथंच होणार असं ठरलं आणि आम्ही हुरळलो. माणोजीराव तर एवढे हुरळले, की त्यांनी स्टेशनच्या जागेसमोर घरच बांधलं!

*

घर झालं, पण कुलूप निघेना. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं ते थोरल्या बहिणीच्या हातून. तोवर राहायला जायचं नाही. थोरली बहीण तुळजाक्का होसूरला. बसमध्ये बसली, की पहिल्या वळणाला तिच्या पोटात ढवळायचं, आणि बैलगाडीनं कंबर धरायची. माणोजीरावांनी शब्द देऊन ठेवलेला, "अक्का, तुला रेल्वेनंच आणतो!"

त्यांची बायको सुंदराक्का भाड्याच्या खोल्यांतून दर शुक्रवारी यायची आणि बंद घराचा उंबरा पुजून जायची. एकदा मला म्हणाली, "भावजी, देवळात तरी आत जाता येतं!"

हसलो खरा, पण मला तिची दया आली.

*

लाइनवरचा ओव्हरसियर आमच्या टिफिन रूममध्येच कॉफी प्यायचा. आम्ही कधीही विचारलं, "लाइन कधी?" की तो कप न ठेवता म्हणायचा, "दसऱ्याला!" पहिला दसरा गेला, दुसरा गेला. मग भीमरावचं डोकं फिरलं. आमच्यातला तापट माणूस तो. टेबलावर हात आपटून ओरडला, "अहो, पण कुठल्या दसऱ्याला?"

ओव्हरसियर शांतपणे म्हणाला, "स्वल्प थांबा अण्णा. ते अजून वरून आलेलं नाही!"

*

रुळांच्या आधी प्लॅटफॉर्म तयार झाला. छान सपाट, दिवसभर ऊन! लेआउटमधल्या बायकांनी तिथं पापड, सांडगे, मिरच्या वाळत घालायला सुरुवात केली. ओव्हरसियर धावत आला. "उचला, उचला! हा प्लॅटफॉर्म रेल्वेचा आहे!"

सुंदराक्का पापड उलटत म्हणाली, "सरी, बरं! मग रेल्वेला येऊन सांगू दे. लगेच उचलते!"

ओव्हरसियर जाताना दोन सांडगे खाऊन गेला.

*

मग एक मोठे साहेब पाहणीला आले. सगळा लेआउट काळी निशाणं घेऊन उभा. भीमराव सर्वांत पुढे, घसा बसेपर्यंत घोषणा! साहेबांची मोटार नेमकी भरावाच्या चिखलात रुतली. ड्रायव्हर हात जोडून आमच्याकडे आला. निशाणं बगलेत मारून आम्ही लागलो ढकलायला. काय करणार, पाहुणा तो पाहुणा!

साहेब काचेतून म्हणाले, "थँक यू, थँक यू! शहराकडे ढकला!"

भीमराव बसक्या आवाजात म्हणाला, "नाही साहेब. होसूरकडे! तेवढंच काम पुढे सरकेल!"

*

अखेर रूळ पडले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी चक्क शिट्टी ऐकू आली! मी अर्ध्या दाढीवर धावलो. इंजिन! खरंखुरं, धूर ओकणारं इंजिन! आयुधपूजेला आम्ही सायकलसुद्धा सोडत नाही, मग इंजिन कसं सोडणार? झेंडूच्या माळा चढल्या, कुंकू लागलं, कोहळा फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. माणोजीराव तर दुधाचा कॅनच घेऊन आले. "होसूरची माणसं कुठल्या डब्यात?" म्हणून एकेका डब्यात डोकावू लागले.

ड्रायव्हर वरून ओरडला, "अय्यो, ही खडीची गाडी आहे!"

माणोजीरावांचा चेहरा बघवेना. ड्रायव्हर बिचारा इंजिन मागे घेऊन जायला निघाला, तर लोकांनी अडवलं. पूजा केलेली लिंबं चाकाखाली चिरडल्याशिवाय मागे जायचं नाही! शेवटी तो गाडी थोडी पुढे घेऊन लिंबं चिरडून गेला. दुधाची कॉफी झाली. पहिला कप ड्रायव्हरला!

*

त्यानंतर रूळ होसूरपर्यंत जोडले गेले, तरी गाडीचा पत्ता नाही. एका रविवारी भीमरावनं सगळ्यांना प्लॅटफॉर्मवर धरणं धरून बसवलं. "रूळ आले, गाडी कुठाय?" असा एकच गजर! तेवढ्यात लांब रुळांवर एक मोठी छत्री दिसली. रूळ तपासायला निघालेली ट्रॉली होती. चार माणसं मागून ढकलत धावणारी, वर एक बाकडं. बाकड्यावर इन्स्पेक्टर, आणि त्याच्या शेजारी, मांडीवर पितळी पातेलं घेऊन, ताठ बसलेली तुळजाक्का!

असा आरडाओरडा झाला म्हणता! माणोजीराव चपला टाकून रुळांवर पळत सुटले. मी आणि भीमराव एकमेकांच्या गळ्यात पडलो. इन्स्पेक्टर घाम पुसत म्हणाला, "रोज फाटकाशी उभी राहून विचारायची, गाडी कधी? आज उत्तर सुचेना. म्हटलं, बसा!"

कुलूप निघालं. अक्कानं चूल पेटवली, पातेलं चढवलं. दूध फेसाळून उतू गेलं, तशी सुंदराक्का तिला मिठी मारून रडली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय! ओव्हरसियरसकट सगळा लेआउट जेवला.

संध्याकाळी ट्रॉलीवाला इन्स्पेक्टर निरोप घ्यायला आला. माणोजीराव म्हणाले, "अक्का, परत याच्याबरोबर जातेस?"

"छे रे, हाडं खिळखिळी झाली!" अक्कानं पुढच्या खोलीत ऐसपैस अंथरूण घातलं. "आता जाईन ती गाडी सुरू झाली, की गाडीनंच. सुंदरा, कधी सुरू होतेय गं?"

सुंदराक्कानं आधी अंथरुणाकडे पाहिलं, मग कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या ओव्हरसियरकडे, आणि म्हणाली,

"दसऱ्याला!"