आत दुमडलेलं कापड

धुळ्यात पाचव्या गल्लीतल्या त्या शिंप्याचं नाव मला अजूनही ठाऊक नाही. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि बोलणं अगदी नावाला. लेकीचे कॉलेजचे कुर्ते सैल व्हायचे, ते मी त्याच्याकडे द्यायचे. “अभ्यासानं बारीक झालीय,” असं न विचारता सांगायचेही. तिनं मैत्रिणींकडे जाणं सोडलं होतं, झोप उडाली होती, डबा तसाच परत यायचा. सगळं मी परीक्षेवर ढकललं होतं.

एकच कुर्ता चौथ्यांदा नेला, तेव्हा त्यानं तो उलटा करून माझ्यासमोर धरला. आत घेतलेल्या तिन्ही शिवणींवरून बोट फिरवलं.

“अक्का, कपडाम्हा खोट नही शे. पोर सुकी ऱ्हायनी, तिनाकडे दखा.”

कुर्ता तसाच परत दिला. पोर सुकत चाललीय म्हणे! मला रागच आला. घरी येऊन त्याच रागात लेकीला विचारलं, तर ती रडायलाच लागली. “कशातच जीव लागत नाही गं आई. दिवाळीपासून.”

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. औषधं, डॉक्टरांशी बोलणं, सगळं सावकाश चाललं.

यंदा ती स्वतःच तो कुर्ता घेऊन त्याच्याकडे गेली, घट्ट होतो म्हणून. त्यानं तिन्ही शिवणी उसवल्या. आतलं कापड त्यानं एकदाही कापलं नव्हतं.