भामाअक्कांची एकतारी नखं

भामाअक्कांनी पहिल्या भेटीत माझं तोंड पाहिलंच नाही. मी त्यांच्या नांदेडच्या पार्लरमध्ये भुवया कोरायला गेले होते. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि अक्कांनी माझा अंगठा धरला. उलटसुलट केला, ट्यूबलाइटसमोर नेला आणि म्हणाल्या, "हे नख हाय का लसणाचा पापुद्रा?"

"मी भुवयांसाठी आलेय," मी म्हटलं.

"भुवया कुठं पळून जात न्हाईत. हे मात्र उद्या तुटतंय बग."

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप काढताना ते तुटलं. मी रोज नांदेडहून मुदखेडला जाऊन तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. बीएस्सी, केमिस्ट्री घेऊन. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याचीच लाज वाटणार आहे.

अक्का मूळच्या देगलूरच्या. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, पण यांना त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकाही अक्काच म्हणत. पार्लर काढण्याआधी वीसेक वर्षं त्या लग्नाकार्यात बुंदीचे लाडू करून द्यायच्या. कढईभर पाकात बोट बुडवायचं, अंगठा आणि तर्जनी जुळवून हळूच लांब करायची, मधे एक तार उभी राहिली की "उतरवा!" म्हणून ओरडायचं. त्या बोटांवर दोन-दोन हजार माणसांची पंगत विसंबून असायची. पुढे गुडघ्यांनी चुलीपुढे बसायला नकार दिला आणि अक्का नांदेडला येऊन बायकांच्या भुवया कोरू लागल्या. नखांचं काम त्या मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकल्या. तेही आवाज बंद करून. "बोलतात लई. आपण निस्तं हात बघायचे," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची पद्धत साधी होती. नख घासून कोरडं करायचं, त्यावर जेलचा पातळ हात द्यायचा. ते ओलं असतानाच वरून अ‍ॅक्रिलिकची पावडर भुरभुरायची. बाकीच्या पार्लरांत त्याला ब्रश असतो, अक्कांकडे चहाची गाळणी होती. मग बोट झटकायचं, जास्तीची पावडर खाली पाडायची आणि बोट निळ्या दिव्याखाली धरायचं. दिव्याखाली जेल घट्ट होतं आणि पावडर त्याला बळ देते. वरून पुन्हा जेलचा एक हात, पुन्हा दिवा. पावडर कमी पडली तर नख लवतं. जास्त झाली तर उजेड खालपर्यंत पोचत नाही, वरून कडक आणि आत कच्चं राहतं. अक्का म्हणायच्या, "भाकरीला पीठ लावतो तेवढंच लावायचं. भाकर पिठात लोळवायची नसती."

बाटलीतलं जेल बरोबर आहे का, हे त्या कसं ओळखायच्या? तसंच. थेंबभर जेल, त्यात चिमूटभर पावडर, अंगठा आणि तर्जनी जुळवून लांब करायची. तार उभी राहिली की मान हलवायच्या. "एकतारी हाय. घे बोट पुढं." दिवसातून दहा वेळा हे चालायचं, उघड्या बोटांनी. मी शेजारी बसून कौतुकानं बघायची.

नखं झाली म्हणजे सुटका झाली असं नव्हतं. पार्लरच्या मागं अक्कांचं स्वयंपाकघर होतं आणि तिथं परीक्षा असायची. परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी गरम पाणी. गिऱ्हाइकानं पीठ मळायचं आणि एक भाकरी थापायची. गरम पाणी, मळणं आणि थापणं एवढं सोसून नख जागेवर राहिलं तर पास. कडेनं उचललं गेलं तर अक्का सगळं काढून पुन्हा करायच्या. "पुण्यामुंबईची नखं फोटोपुरती असतात. आपल्याकडच्या बाईला नखासकट भाकर करावी लागती," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा लग्न ठरलेली एक मुलगी आली होती. नखं गुलाबी, त्यावर मोती. तिनं भाकरी थापली ती परातीतून उचलताना तीन तुकड्यांत आली. अक्कांनी नखं तपासली, भाकरी तपासली आणि जाहीर केलं, "नख पास. पोरगी नापास." मुलीची आई आठवडाभर फिरकली नाही, मग स्वतःच नखं करून घ्यायला आली.

माझी नखं पहिल्या फटक्यात पास झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी फळ्यावर लिहिताना हाताची मूठ करून नखं लपवली नाहीत. मुली मागच्या बाकावरून बघायच्या आणि मी मुद्दाम सावकाश लिहायची. आता खोटं कशाला बोलू, मला फार मिरवावंसं वाटायचं.

मग लातूरला दोन दिवसांचं नखांचं शिबिर निघालं. अक्कांना जायचं होतं. "तिथल्या बाई इंग्रजी बोलल्या तर तू सांग," म्हणून मलाही नेलं. शिकवणाऱ्या मॅडम नीटनेटक्या, हातात निळे मोजे, आवाज शांत. त्यांनी अक्कांची गाळणी पाहिली. "जेल वेगळं, अ‍ॅक्रिलिक वेगळं. ही अशी खिचडी कुणी शिकवली तुम्हाला?" सगळा हॉल हसला. अक्कांचे कान लाल झाले. सवयीनं त्यांनी थेंब उचलला आणि तार काढून बघितली. मॅडम तीन ढांगांत तिथं आल्या. "कच्चं जेल कातडीला लावायचं नाही. आज काही होणार नाही. पण एकदा का ते अंगाला बाधायला लागलं, की जन्मभर सोडत नाही."

अक्कांनी वर बघितलं. "मॅडम, तुम्ही कधी भाकर थापली का?"

हॉल पुन्हा हसला, या वेळी आमच्या बाजूनं. परतीच्या बसमध्ये अक्का मॅडमची नक्कल करत होत्या. दोन्ही हात ऑपरेशनच्या डॉक्टरासारखे वर धरून, "कातडीला लावायचं नाऽऽही!" मी इतकी हसले की अहमदपूर येईपर्यंत माझे डोळे पुसणं चालू होतं.

त्या बाई बरोबर बोलल्या होत्या. खिचडीबद्दल चूक, कातडीबद्दल बरोबर. घट्ट न झालेल्या जेलचे रेणू लहान असतात, कातडीतून आत शिरतात. हे मला माहीत होतं. मी पोरांना प्रयोगशाळेत पाऊल टाकू द्यायच्या आधी "कशालाही हात लावायचा नाही" असं तीनदा वदवून घेते. पण अक्कांच्या शेजारी बसून मी वर्षभर तार बघितली, आणि बसमध्ये हसले. अपमान त्यांचा झाला होता, त्यामुळे तेव्हा त्यांचीच बाजू घ्यायची असं मला वाटलं.

चारेक महिन्यांत अक्कांची बोटं खाजू लागली. आधी भांड्यांच्या साबणावर आळ आला, मग हिरव्या मिरच्यांवर, मग जाऊबाईंच्या नजरेवर. निळ्या दिव्याला लिंबू-मिरची टांगली गेली. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, रक्त येऊ लागलं, तेव्हा मी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. काय बाधतंय ते बघायला डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चौकोनी पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या. अक्का म्हणाल्या, "पाठीवर तिकिटं लावून ठेवलीत. मला पोस्टानं देगलूरला पाठवून राहिले का?"

पट्ट्या काढल्या तेव्हा जेलची पट्टी होती तिथं पाठ लालभडक उठली होती. डॉक्टर म्हणाले, "हे काम बंद करा. पुन्हा सुरू केलं तर पुन्हा उठेल."

अक्का ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. महिनाभर मोजे घालून त्यांनी काम करून पाहिलं. नखं चुकू लागली. कुणाचं उचललं जायचं, कुणाचं आत कच्चं राहायचं. "मोजे घालून पाक बघता येतो का गं? मला काही कळंना झालंय," एवढंच म्हणायच्या. त्यांचे विनोद कमी होत गेले आणि मला ते सहन होत नव्हतं. एक दिवस त्यांच्या पापण्याही सुजल्या. त्या दिवशी त्यांनी दिवा, बाटल्या, पावडर सगळं एका खोक्यात भरलं आणि नखांचा बोर्ड उतरवला. भुवयांचं काम राहिलं. पण भुवयांसाठी आलेल्या बाईचाही त्या आधी अंगठाच धरायच्या, मग आठवल्यासारखं सोडून द्यायच्या.

दिवाळीला त्यांनी मला रव्याचे लाडू करायला बोलावलं. चिरा भरून आल्या होत्या. गॅसवर पाक उकळत होता. मी बरेच दिवस मनात धरलेलं बोलून टाकलं. "अक्का, मला माहीत होतं. लातूरहून येताना हसण्यापेक्षा मी बोलायला हवं होतं."

"बोलली असतीस तर मी ऐकलं असतं का?"

"नाही."

"मग गप बस."

त्यांनी डावात पाक घेतला, सवयीनं बोट लावलं, अंगठा आणि तर्जनी जुळवून लांब केली. पुन्हा केली. पुन्हा. डोळे मिटून केली. मग बोटं पदराला पुसली आणि डाव माझ्यापुढं धरला.

"तू बग. तार आली का. बोटांची टोकं बधिर झालीत, मला काही लागत न्हाई."

मी पाकाला हात कधी लावला नव्हता. मला तापमापी वाचता येतो. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पहिल्यांदाच नखांकडे न बघता तोंडाकडे, आणि मला त्या नजरेपुढं वेळ काढवेना. मी बोट लावलं. चिकट काहीतरी ताणलं गेलं. पण लगेच "आली" म्हणायची हिंमत झाली नाही. पाक उकळत राहिला. मी आणखी दोनदा बघितलं.

"आली, अक्का."

"नक्की?"

"नक्की."

लाडू असे झाले की दात लागेना. अक्कांनी एक उचलला, परातीवर आपटला. टण्ण वाजलं. त्यांनी तो पुन्हा लसणाचा पापुद्रा झालेल्या माझ्या नखांशेजारी धरला आणि निरखून पाहिला.

"मास्तरीणबाई, हा लाडू न्हाई, हे नख हाय. भाकरीच्या परीक्षेला बसवलं तर पहिला नंबर काढील."

मी रडत होते की हसत होते ते मला नीट सांगता येणार नाही. अक्का मात्र हसत होत्या, अगदी मी अहमदपूरपर्यंत हसले होते तशा. मग त्यांनी दुसरी कढई गॅसवर ठेवली, साखर ओतली आणि माझं बोट धरून म्हणाल्या, "चल, आता तुला तार शिकवते."