गेट नव्हतं तेव्हाचा फोटो

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

आलमबागच्या आमच्या कॉलनीत आज ‘पुराना लखनऊ’ नावाचं जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं. मीही पप्पांच्या अल्बममधला एक फोटो घेऊन गेले. सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, ये लखनऊ वालों के लिए है। आप तो महाराष्ट्र से हैं।"

अहो, माझा जन्म इथला! पप्पा नोकरीसाठी नागपूरहून आले, तेव्हा कॉलनीला गेटसुद्धा नव्हतं. आता गेट आहे तिथल्या मोकळ्या जागेत विटांची चूल मांडून त्यांनी बुद्धपौर्णिमेला अख्ख्या कॉलनीसाठी खीर केली होती. फोटो त्या दिवसाचाच.

मी सरळ टेबलावरच्या टाचण्या उचलल्या आणि फोटो बोर्डावर लावला, अगदी मधोमध.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या आई आल्या. चष्मा सावरत त्यांनी फोटोतल्या खिरीच्या रांगेवर बोट ठेवलं. "अरे, ये तो मैं हूँ! दो बार ली थी खीर।"

सेक्रेटरी टेबलावर उरलेल्या टाचण्या गोळा करायला लागले.

फोटो तिथेच आहे. तुम्हालाही कोणी "मूळचे कुठले?" विचारतं का? काय सांगता?

मी यापुढे एवढंच सांगणार: आम्ही गेटच्या आधीचे.