बांगड्या कुणी काढल्या

हिंगणीत मी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या मशीनवरून गेलेत. मागून खोल गळा, लटकन, नेटच्या बाह्या. मोबाईलवर जो फोटो दाखवतील तसं शिवून देते. स्वतः मात्र बंद गळ्याचं, कोपरापर्यंत बाहीचं घालते. नवीन आलेली बाई माप देता देता हळूच माझ्या कपाळाकडे बघते, मग गळ्याकडे, मग मनगटांकडे, आणि आवाज खाली आणून विचारते, "केव्हा गेले जी तुमचे?" आता या प्रश्नाला उत्तर आहे. पण नवरा समोरच्या दुकानात बसून खिळे तोलत असायचा तेव्हाही हाच प्रश्न यायचा. मग बोट करून दाखवावं लागायचं, की तो काय, बसलाय.

आमचं घर दुकानदारांचं. हार्डवेअर, पत्रे, पाईप. सासूबाईंचे देव, उपास, हळदीकुंकू सगळं रीतसर. माझ्या नवऱ्याला पोटाचं दुखणं लागलं, डॉक्टर झाले, अंगारे झाले, आणि शेवटी कुणीतरी त्याला वर्ध्याला एका प्रार्थनेच्या हॉलमध्ये नेलं. तिथे त्याला बरं वाटलं. मग तो दर रविवारी एसटीने जायला लागला आणि मागून मीही. खोटं कशाला सांगू, मला तिथे आवडलं. गाणी आवडली. कुणीतरी माझा हात धरून "कशी आहेस" विचारलं, हे आवडलं. आमच्या घरी ते कुणी विचारत नसे. माझा विश्वास आहे, आजही आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती बाकीच्याबद्दल. वर्ध्यातल्या जुन्या चर्चच्या बायका मंगळसूत्र घालतात, त्यात छोटासा क्रूस ओवतात, आणि त्यांचं काही बिघडलेलं मला तरी दिसलं नाही. आमच्या हॉलची मंडळी लहान आणि कडक. पाळक, म्हणजे आमचे पास्टर, सांगायचे, स्त्रीचा शृंगार आतला असावा. कुंकू नको, सोनं नको, बांगड्या नकोत. प्रार्थनेत डोकं झाकलेलं हवं, कारण पुरुष हा स्त्रीचं मस्तक आहे आणि पदर ही त्याची खूण. पुरुषांनी काय काढून ठेवावं, यावर कधी प्रवचन झालेलं मला आठवत नाही. डोक्यावर पदर घ्यायला माझी हरकत नव्हती. सासऱ्यांपुढे घेतच आले होते. त्या पदरावर तर सासूबाईही खूश होत्या.

बाप्तिस्मा बोर नदीत व्हायचा होता. आदल्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "हे सारं काढून ठेव." मंगळसूत्राचं मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बांगड्यांचं वाटलं. काचेच्या बांगड्यांचा मला लहानपणापासून सोस. मी म्हटलं, आत्याबाई काय म्हणतील. तर म्हणे, "आईचं मी पाहतो." मी म्हटलं, निदान दोन दोन राहू द्या. त्यावर तो म्हणाला, "तू माह्यंच आयकत नाई, तं देवाचं काय आयकशीन?" मोरीत जाऊन साबण लावून एकेक काढली. एकही फुटू दिली नाही. आमच्याकडे बाईची बांगडी कधी फोडतात ते मला ठाऊक होतं.

नदीवरून घरी आलो. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला. मला काही न विचारता त्यांनी पोराला विचारलं, "हे काय होय?"

हाच माणूस दर रविवारी हॉलमध्ये उभा राहून कुटुंबप्रमुखाच्या जबाबदारीवर साक्ष, म्हणजे आपला अनुभव, सांगायचा. आईपुढे त्याचं भिजलेलं मांजर व्हायचं. आईच्या हातातल्या कपात बघत तो म्हणाला, "मी नाई सांगतलं. तिनंच काढलं तिच्या मनानं."

मी दाराशी उभी होते, डोक्यावर पदर. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू नये, हे नुकतंच शिकवलेलं होतं. तसं ते माहेरीही शिकवलेलंच होतं, नवीन काही नव्हतं. मी पदर सावरून आत गेले. रात्री म्हटलं, तुम्ही असं का सांगितलं? तर म्हणे, आईला बीपी आहे, तिला माझ्यावरचा राग सोसवणार नाही, तू जरा सोस. मी सोसलं.

सासूबाईंनी मग मला सोडलं नाही. स्वयंपाकात मीठ जास्त झालं तरी गाडी शेवटी माझ्या मनगटावर यायची. संक्रांतीला शेजारणी वाण घेऊन घरात यायच्या, सासूबाईंना द्यायच्या, आणि माझ्यापाशी आल्या की घुटमळायच्या. हिला द्यावं की नाही? मी स्वतःच आत निघून जायचे, कुणाला अडचण नको. पंगतीत, लग्नात, ओटीभरणाला तेच. भांडायचा मला कंटाळा यायला लागला होता आणि समजावून सांगायचा तर त्याहून. माणूस किती वेळा सांगेल, की माझा नवरा जिवंत आहे, मी फक्त ख्रिस्ती झालेय. पोरबाळ झालं नाही, तेही लोकांनी त्याच खात्यात टाकलं.

मग तो गेला. दुकानातच छातीत कळ आली, वर्ध्याला नेईपर्यंत संपलं. घरी आणल्यावर एकीकडे मंडळीचे लोक गाणी म्हणत होते आणि दुसरीकडे गावातल्या बायका मला धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. त्यांच्या दृष्टीने एक रीत करायची राहिली होती. एका म्हाताऱ्या चुलतसासूने माझा हात हातात घेतला, बाही वर सारली, दुसरा हात बघितला. फोडायला काही नव्हतं. पुसायला काही नव्हतं. काढायलाही काही नव्हतं. तिने माझे दोन्ही हात खाली सोडून दिले आणि बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मला तेव्हा रडू आलं. ते नवऱ्यासाठी होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

ओट्यावरून सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "इचं आता काय करता? इनं तं माहा पोरगा जिता असतानीच सारं करून ठेवलं. त्यानंच गेला तो."

हे वाक्य त्यांनी नंतर सोडलं नाही. भेटायला कुणी येवो, भाजीवाली असो की पोस्टमन, इनं जित्या नवऱ्याची बांगडी काढली अन् माहा पोरगा खाल्ला. पाळक सांत्वनाला आले, म्हणाले, आता प्रत्येक निर्णयात मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांचा सल्ला घेत जा. मी हो म्हटलं. एक मस्तक गेलं की दुसरं तयारच असतं. पुढे सासरेही गेले. घरात आम्ही दोघीच उरलो, एकीला दुसरी नको आणि जायला दोघींनाही जागा नाही. त्यांना आंघोळीचं पाणी मी द्यायचे, औषध मी द्यायचे, आणि माझ्याच हातचा चहा पिऊन त्या माझं गाऱ्हाणं सांगायच्या. मला दुसरं काही नको होतं. माफी नको, माया नको. मरायच्या आधी म्हातारीला एकदा कळावं, की त्या बांगड्या मी माझ्या मनाने काढल्या नाहीत, एवढंच हवं होतं.

एका दुपारी सेलूहून एक बाई ब्लाऊज न्यायला आली. सासूबाई खाटेवर बसून सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकवलं. बाई बिचारी पिशवी छातीशी धरून "हो का, हो का" करत राहिली आणि सुटल्यासारखी निघून गेली. मी मशीन थांबवलं. राग आला होता म्हणावं तर तेवढी ताकद नव्हती. मी थकले होते, बस.

म्हटलं, "आत्याबाई, मी नाही काढल्या. तुमच्या पोराने काढायला लावल्या. मी दोन ठेवते म्हटलं, तर तेही ऐकलं नाही. मला बांगड्या आवडत होत्या. तुमच्यासमोर तो खोटं बोलला आणि मी गप्प राहिले."

मला वाटलं, आता सूप अंगावर येईल. मेलेल्या पोरावर आळ घेते म्हणून छाती पिटून घेतील. तसं काही झालं नाही. त्यांनी तुरीतले खडे वेचणं चालूच ठेवलं. मग विचारलं, "त्यानं सांगतलं?"

"हो."

"अन् तू काढलं."

"हो."

"भांडली काऊन नाई?"

मी म्हटलं, नवऱ्याचं ऐकावं लागतं. तिथेही तेच सांगतात, इथेही तेच सांगतात.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं बघितल्याचं आठवत नाही.

"मी तुले गावभर शिव्या देत होती," त्या म्हणाल्या. "पन मनात म्हनो, बाई आहे खरी. सासूले भीत नाई, गावाले भीत नाई, देवासाठी गळा-हात मोकळे करून उभी राह्यली. मले कधी जमलं नाई तसं. माह्या मनानं मी साधं लुगडं नाई घेतलं कधी. म्हनो, या घरात एक तं निघाली." त्यांनी लुगड्यावरची तुरीची टरफलं झटकली. "तू बी माह्यासारखीच होय तं."

एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मीही मशीन चालू केलं, कारण संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी माझं गाऱ्हाणं सांगणं बंद केलं. कुणी आलं तर पाऊसपाण्याचं बोलतात, तुरीच्या भावाचं बोलतात. माझ्याबद्दल आता त्या कुणालाच काही सांगत नाहीत.