स्पंजवरचा हिरवा रंग

खारूच्या सुजल्यासारख्या दिसणाऱ्या डाव्या पापणीचा विचार तीन आठवडे आईच्या डोक्यातून हलत नव्हता. व्हिडिओ कॉलवर पोरगी हल्ली खिडकीकडे पाठ करून बसायची, म्हणजे चेहरा अंधारात. "जरा उजेडाकडे वळ की," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "अगं, तिकडे नेट जातं." नेट काय पापणी बघून जातं का, हे आईच्या अगदी ओठांवर यायचं. पण ती ते गिळायची.

खारू हे लाडाचं नाव. लहानपणी गालात बिस्किटं कोंबून घरभर हिंडायची, म्हणून खारीचं नाव पडलं. बावीस वर्षांची झाली तरी सवय तीच. काही बिनसलं की गालात धरून ठेवायचं, बाहेर काढायचं नाही.

तिने कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा आईनेच आपल्या मैत्रिणीला गळ घातली होती. एकाच बाकावर बसून बी.एस्सी. केलेली मैत्रीण, आता दोन तासांच्या अंतरावर नववधूंच्या मेकअपचं मोठं पार्लर चालवत होती. "पाठव," ती म्हणाली, "पण दोन वर्षं पुरी करायची. मध्येच सोडलं तर माझ्या सहीचा दाखला विसरायचा. तुझी मुलगी म्हणून सूट नाही, आधीच सांगून ठेवते." त्या सहीवर कुठेही काम मिळायचं, हे खरं होतं. खारू पार्लरच्या वरच्या खोलीत आणखी दोघींबरोबर राहू लागली. घरी जिला मावशी म्हणायचं तिला आता मॅडम म्हणू लागली. सोळा महिने झाले होते, आठ उरले होते.

सोमवारी पार्लर बंद. खारू घरी यायची ती आठवडाभराचे वापरलेले स्पंज पिशवीत भरून, कारण वरच्या खोलीत नळाला धड पाणी नसायचं. हल्ली घरीसुद्धा ती तोंड रंगवूनच यायची. मायलेकी बादली घेऊन बसायच्या आणि खारूचा वर्ग सुरू व्हायचा. अंड्याच्या आकाराचा स्पंज आधी भिजवायचा, फुगला की टॉवेलात दाबून पिळायचा. कोरडाच वापरला तर निम्मं फाउंडेशन तोच पिऊन बसतो. चेहऱ्यावर घासायचा नाही, हलके थापटायचा. पावडरीला चपटा पफ. सिलिकॉनचा एक येतो पारदर्शक, तो काही पीत नाही पण रेघा सोडतो. मॅडमना त्याचं तोंड बघायला आवडत नाही. आणि नाकाची कड, डोळ्याखालचा कोपरा यांच्यासाठी त्रिकोणी, केकच्या तुकड्यासारखे. ते शंभराच्या पाकिटात येतात, एका गिऱ्हाइकाला एक वापरायचा आणि फेकायचा.

"परीक्षानळ्या घासतेस तशी काय घासतेस गं," खारू म्हणायची. "जरा मायेने. नवरीच्या गालाला लागायचेत ते."

"नवरी गेली सासरी. तिचा चिखल माझ्या नशिबी आला."

आई एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. रंग बघून आत काय आहे ते ओळखण्यात तिची वीस वर्षं गेली होती. म्हणून त्या सोमवारी पिशवीच्या तळाशी गाठ मारलेली एक छोटी पिशवी हाताला लागली, तेव्हा तिने ती उघडून उजेडात धरली. आत अकरा त्रिकोणी स्पंज होते. फेकून द्यायचे स्पंज इथे कशाला? त्यांच्यावरचा रंग कुठल्या नवरीचा नव्हता. तो खारूचा होता, सावळा, किंचित तांबूस, आईला झोपेतही ओळखता आला असता असा. आणि त्याच्या खाली, प्रत्येकाच्या टोकाला, हिरवा.

हिरव्याचं काम तिला खारूनेच शिकवलं होतं. कातडी लाल झाली असेल तर आधी हिरवं लावायचं, म्हणजे लाली मरते, मग वरून रंग.

"हे कुणाचे?"

"फेकायचे राहिले."

"रंग तुझा आहे."

"तू ना, पोलिसात जायला हवं होतंस."

"तोंड धू."

"आई, आत्ता तर लावलंय."

"सुट्टीच्या दिवशी कुणासाठी लावलंस? इथेच धू, माझ्यासमोर."

खारू हसली, मग हसायची थांबली, मग तिने तोंड धुतलं. पापणी सुजून तांबडी झाली होती, कडेची कातडी सुटत होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना पुरळ. टॉवेल धरलेल्या बोटांची टोकं भेगाळलेली. असे हात आईने आधी पाहिले होते. प्रयोगशाळेतल्या एका बाईंना रबरी हातमोज्यांनी नेमकं हेच झालं होतं. आधी बोटं, मग डोळे, आणि एक दिवस श्वास कोंडला तेव्हा त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

"हे त्रिकोणी रबराचे असतात का?"

"पाकिटावर लेटेक्स असं काहीतरी लिहिलेलं असतं."

"तेच ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चांगले स्पंज गिऱ्हाइकांचे, मुलींनी स्वतःच्या तोंडाला त्रिकोणीच वापरायचे. आणि तोंड रंगवल्याशिवाय खाली उतरायचं नाही. तुमचा चेहरा म्हणजे माझ्या दुकानाची पाटी, असं मॅडम म्हणायच्या. म्हणजे पुरळ झाकायला खारू जो स्पंज हातात घेत होती, तोच ते पुरळ वाढवत होता, आणि दुसऱ्या दिवशी ते झाकायला आणखी एक लागत होता.

"श्वासाचं काही?"

खारूचे गाल फुगले.

"शनिवारी जिन्यात बसले होते दहा मिनिटं. दमले होते गं, बाकी काही नाही."

संध्याकाळी डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि चष्म्यावरून बघत सांगितलं, "रबर बंद. पुन्हा दम लागला तर वाट बघत बसायचं नाही." बाहेर आल्यावर खारूने आईचा हात घट्ट धरला. "मावशीला एक शब्द बोलायचा नाहीस. चेहरा खराब झाला की ती काउंटरवरून उचलते आणि मागे टॉवेल धुवायला बसवते. एक गेली तशीच, रिकाम्या हाताने. आठ महिने, आई. तू बोललीस तर मी सोमवारीसुद्धा यायची नाही."

आईने शब्द दिला. देताना तिला आपलंच तोंड कुणीतरी बाहेरून शिवून टाकल्यासारखं वाटलं.

मग तिला जे सुचलं ते तिने केलं. दुकानात जाऊन अर्धा तास उभी राहिली, चष्मा कपाळावर चढवून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत. विक्रेती मुलगी कंटाळून म्हणाली, "काकू, सगळे सारखेच असतात."

"सारखे असते तर मी घरी नसते का गेले?"

रबर अजिबात नसलेले, बोटाने दाबले की लगेच वर येणारे, अंड्याच्या आकाराचे सहा फिकट जांभळे स्पंज तिने निवडले. खारूने ते पर्समध्ये टाकले, गळ्यात पडली, मंगळवारी पहाटेची बस धरून गेली.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत, काचेच्या भांड्यांच्या कपाटापाशी उभी राहून आईने फोनवर पार्लरचं पान उघडलं. सकाळचाच फोटो. मध्ये नवरी, मागे मैत्रीण, कडेला खारू. टेबलावर ओळीने मांडलेले अंड्याच्या आकाराचे सहा स्पंज, आईने निवडलेले, त्याच फिकट जांभळ्या रंगाचे. आणि खारूच्या हातात त्रिकोणी.

तिने लेकीला एवढंच लिहून पाठवलं, "स्पंज?"

उत्तर आलं, "चांगले दिसले म्हणून मॅडमनी गिऱ्हाइकांसाठी ठेवले. नाही म्हणता आलं नाही. मी ठीक आहे."

आईने फोटो मोठा करून पाहिला. डावी पापणी गुळगुळीत होती, नको इतकी. या रंगाखाली हिरवं किती असेल, याचा तिला आता बरोबर अंदाज होता. आणि ओठ किंचित उघडे होते. हसताना खारूचे ओठ कधी उघडे नसायचे, दातांची लाज वाटायची तिला. तोंडाने श्वास घेत होती पोरगी.

मैत्रीण चिडेल. आपण विश्वासाने लेक सोपवली आणि आता कान पकडायला आलो, असं म्हणेल. दाखला जाईल कदाचित. खारू तर बोलणंच टाकेल, किती सोमवार ते सांगता येत नाही. हे सगळं आईने एकदा नीट मनाशी मोजलं. दिलेला शब्द मोडायचा तर तो आधी लेकीला सांगून मोडावा, म्हणून तिने आणखी एक ओळ लिहिली: "मी मावशीला फोन करतेय. रागाव हवं तेवढं, पण आज काम थांबव." उत्तराची वाट न बघता तिने मैत्रिणीचा नंबर लावला.