नळी कोणाकडे करायची?

आमच्या भावोजींइतका बंदुकीला भिणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात सापडायचा नाही, आणि बंदूक आहे ती नेमकी त्यांच्याचकडे. बंदूक तरी कसली! फौजेतली मेकॅनिकची नोकरी संपल्यावर त्यांनी लिलावात एक जुनी लष्करी जीप घेतली आणि तिच्यावर मांडायला रीतसर परवानगीने एक मशीनगन मिळवली. नळीत लोखंड ओतून कायमची मुकी केलेली. ताई म्हणते, "हिच्यापेक्षा माझी कोयती बरी, ती कापता तरी."

दर सव्वीस जानेवारीला बंदराजवळच्या मैदानावर ही जीप उभी करायची, हा भावोजींचा वर्षातला एकुलता एक सण. वाट दहा मिनिटांची, तयारी आठवड्याची. आधी पोलीस ठाण्यात वर्दी. मग बंदूक उतरवून कुलूपबंद पेटीत, पेटीवर गोधडी. रस्त्यात कोणाच्या काळजात धस्स व्हायला नको. निघताना जीपपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे: "बा देवा म्हाराजा, ही बंदूक मेलेली आसा, ह्या सगळ्यांका पटव रे म्हाराजा!" आम्ही घरचे मुकाट्याने म्हणायचो, "व्हय म्हाराजा!"

खरा घोळ मैदानावर. मेलेली असली तरी नळी जित्या माणसाकडे वळता कामा नये, हा त्यांचा नेम. शाळेकडे करावी तर मुले, देवळाकडे करावी तर देव, समुद्राकडे करावी तर होड्या परतत असायच्या. आभाळाकडे करा म्हटले तर म्हणाले, "घारीक तरी कित्याक भियवायचा?" झेंडावंदन आटोपून लोक घरी जात, तरी भावोजी नळीच फिरवत असत. मला कपाळ बडवून घ्यावेसे वाटे.

यंदा मैदानावरचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाच्या पोरांना त्या बंदुकीने एकमेकांवर नेम धरून फोटो काढायचे होते. भावोजींनी साफ सांगितले, "हात लावायचो नाय. तो खेळ न्हय." मंडळाने प्लायवुडची तोफ आणली. ती धूर सोडते, आवाजही करते. जीपला बोलावणे आले नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. माडाखाली जीप उभी होती, खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा खाल्ला होता. बंदूक वर चढवलेली, आणि गाऱ्हाण्याचा नारळ तसाच हातात धरून भावोजी पायरीवर बसलेले.

"आता नळी खंयच्याय बाजूक फिरव रे," ते म्हणाले, "वाटेत कोणच नाय."

मला फार वाईट वाटले. त्या नळीपायी मीच त्यांना किती हसलो होतो! मी सरळ नळीसमोर जाऊन उभा राहिलो.

"बाजूक हो रे मेल्या! नळी आसा ती!" भावोजी धडपडत उठले आणि त्यांनी नळी विहिरीकडे वळवली. तेवढ्यात ताई कळशी घेऊन विहिरीवर आली. "गो, थांब थांब!" म्हणत ते पुन्हा नळी फिरवू लागले, आणि मी नळी वळत होती त्याच बाजूला सरकलो.